सावल्यांच्या राजाला आम्ही परत धाडलं

आमच्या पाड्यावरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, सावल्यांचा राजा कसा चालतो? ते हातातली करवंदं खाली ठेवेल, खांदे वर घेईल, मान आत ओढेल आणि अंगणभर सरपटत फिरून दाखवेल. मग विचारा, आणि जोड्यांची पोरगी? लगेच एक जड पाऊल आणि दोन हलकी, फटाक, टप टप. या पोरांनी तो सिनेमा पाहिलेला नाही. त्यांच्या आईबापांनीही नाही. पाहिला तो आमच्या वयाच्या माणसांनी, लहानपणी एकदाच, आणि तोही शेवट सोडून. माझा ठाण्याचा भाचा मला सांगतो, "मावशी, तो लई गाजलेला सिनेमा आहे, चित्रांचा, जगभरची पोरं अजून बघतात." बघू देत बापडी. पण त्या राजाला खऱ्या उन्हात उभा करून त्याच्या अंगावरचं घोंगडं जगात दुसऱ्या कुणी ओढून काढलंय का, ते विचारून ये म्हणावं. आम्ही काढलंय. ते कसं, तेच आज सांगायला बसले आहे.

आमचा पाडा साखरशेत गावाच्या खालच्या अंगाला, ओहोळाच्या काठी. घर कुडाचं, पुढे पडवी, आणि पडवीत माझ्या बाबांचा पसारा. बाबा शेती करत, भात आणि नागली म्हणजे नाचणी, पण होळीच्या आधीपासून ते शेतकरी राहत नसत. ते बोहाड्याचे मुखवटे करत. जव्हार-मोखाड्याबाहेरच्या वाचकांना बोहाडा ठाऊक नसेल म्हणून सांगते, हा आमच्या देवीचा उत्सव. उन्हाळ्यात होतो. संबळ आणि पिपाणी वाजते, मशाली पेटतात, आणि मुखवटा चढवलेलं एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, नरसिंह येतो, रावण येतो, आणि शेवटी देवी. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी आणि त्या चालीचा संबळावरचा ठेकाही वेगळा. डोळे मिटून बसलात तरी कोण येतंय ते कळावं. ज्या घराचं जे सोंग ते त्याच घरानं नाचवायचं. आणि सगळ्यात मोठा नेम हा, की सोंग एकदा बाहेर काढलं की ते देवीच्या पायांपर्यंत नाचवत न्यायचं आणि परत धाडायचं. मधेच सोडायचं नाही. अर्ध्यात राहिलेलं सोंग कुणाच्या तरी मागे लागतं.

तर पडवीभर ओला कागद भिजत पडलेला असे. चिंचोके भरडून त्यांची खळ शिजवायची, ती कागदाच्या लगद्यात कालवायची आणि मातीच्या साच्यावर थापायची. खळ शिजे ती आईच्या आमटीच्या मडक्यात. दर वर्षी नवं मडकं त्यासाठी ठेवायचं ठरे आणि दर वर्षी बाबा चुकून आमटीचंच उचलत. मग आई नागलीची भाकर थापता थापता आतून ओरडे, "आज रावणालाच वाढा आमटी! आमाला काय, आमी चटणीवर भागवू!" बाबा बोटानं रावणाच्या नाकाचं टोक सारखं करत. त्या दिवसांतली आमची आमटी खरंच जरा चिकट लागे. अजूनही कुठे चिंचोके उकळल्याचा वास आला की मला भूक लागते, याला काय म्हणावं!

मुखवटे वाळायला अंगणात ठेवत, त्यांची राखण माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे, रखमीकडे. रखमी तेव्हा शाळेत जायच्या वयाची व्हायची होती. भीती म्हणून त्या पोरीला माहीत नव्हती. नरसिंहाला मांडीवर घेऊन ती त्याला करवंदं भरवायची. रावणाच्या कानात कुजबुजायची. येणारे-जाणारे म्हणत, "ही पोर राक्षस पाळील!" हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या भित्र्या पोरीला झालं असं कुणी समजू नये.

त्या वर्षी बोहाड्याच्या थोडं आधी तालुक्याहून सिनेमाची गाडी आली. ती अधूनमधून येई. हिवताप कसा टाळावा, भाताला खत केव्हा घालावं, असलं दाखवून जाई. गाडीवाल्याला अंधार पडायच्या आत घाट गाठायचा असे, म्हणून सिनेमा भर दुपारी. शाळेची एकच खोली. तिच्या खिडक्यांना घोंगड्या बांधल्या, दाराला आमच्या घरची कांबळ, कौलांच्या फटींत पळसाची पानं खोचली. आत एवढा उकाडा, की बाया पदरानं वारा घालत होत्या आणि म्हातारे बंड्या काढून बसले होते. गाडीवाला म्हणाला, "आज पोरांसाठी आणलंय. चित्रांचं आहे. परदेशी आहे, बोलणं कळणार नाही, पण बघा तर खरं!"

बोलणं खरंच कळलं नाही. अक्षरही नाही. पण मला आज विचाराल तर तो सिनेमा मी पहिल्या चित्रापासून सांगेन. एक डोंगरातलं गाव. तिथे एक लाल केसांची पोरगी, तिच्या पायात बापाचे भलेमोठे जोडे, त्यामुळे ती चालायची कशी, तर एक पाय ओढत आणि मग दोन पावलं पटकन. तिच्याबरोबर एक शिंग मोडलेली शेळी. आणि वर धुक्यात राहणारा एक राजा. तो गावात उतरायचा आणि उन्हात खेळणाऱ्या पोरांच्या सावल्या जमिनीवरून उचलायचा. अशा, दोन बोटांनी, भाजी खुडावी तशा. त्या सावल्या जोडून त्यानं स्वतःला लांबच लांब झगा शिवला होता. सावली गेली की ते पोर निजून राही, हसणं नाही, बोलणं नाही. पोरगीच्या भावाची सावली गेली आणि पोरगी निघाली डोंगर चढायला.

खोलीत चिडीचूप. ज्या माणसांना नाटकात, सिनेमात मधे मधे बोलल्याशिवाय चैन पडत नाही ती आमची माणसं तोंडं उघडी टाकून बसलेली. चित्रं हलतात, चित्रं रडतात, चित्राच्या डोळ्यांतून पाणी निघतं! शेळीनं खडकावर शिंग आपटलं तेव्हा आईनं माझा दंड असा धरला की वळ उठला. देवजी आजा पुढे बसले होते, आमच्या बोहाड्याचे कारभारी, त्यांच्या शब्दाशिवाय एकही सोंग बाहेर पडत नसे. ते एवढंच म्हणाले, "मुखवटे बेस आहेत. तोंड हलतंय." बाबांना तर दुसरं काही दिसतच नव्हतं. मुखवट्याची पापणी कशी मिटते, याचा विचार ते पुढे कित्येक दिवस करत होते.

पोरगी राजाच्या गुहेत पोचली. राजा तिच्यासमोर उभा राहिला, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाच काळा. त्याच्या झग्यात पोरांची तोंडं दिसत होती. पोरगीनं झग्याचं टोक धरलं. राजानं दोन बोटं उचलली, तिच्या सावलीकडे नेली आणि तिथे पट्टी संपली. गाडीवाल्यानं घाईघाईनं शेवटचा डबा चढवला. सगळे श्वास धरून बसलेले. आणि पडद्यावर आल्या कोंबड्या! पांढऱ्या शुभ्र, जाळीच्या खुराड्यात. एक डॉक्टर एका कोंबडीला उलटी धरून लस टोचत होता.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, राजानं पोरगीची कोंबडी केली. खोटं नाही सांगत! मागून कुणी बाई कळवळून म्हणाली, "आरं सोडा तिला!" मग गाडीवाल्यानं कपाळावर हात मारला. डबे बदलले होते. शेवटचा डबा मोखाड्याकडच्या कुठल्या शाळेत राहिला असणार, पुढच्या खेपेला आणतो म्हणाला, आणि सामान गुंडाळून निघून गेला. तो पुढे कधीच आला नाही. दुसरी गाडी आली, दुसरा माणूस आला, त्याला विचारलं तर म्हणाला, असला काही सिनेमा आपल्याकडे नव्हताच.

आम्ही कांबळ सोडली, दारातून बाहेर आलो. रखमी माझं बोट धरून होती. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे रखरखीत ऊन. तिनं खाली पाहिलं, पाय मागे घेतला आणि म्हणाली, "मी नाय येत."

आधी आम्ही हसलो. बाबांनी तिला खांद्यावर घेतली, कांबळ पांघरली आणि घरी आणली. लहान पोर, विसरेल. पण रखमी विसरली नाही. ती पडवीच्या कडेला, जिथे छपराची सावली संपे तिथे येऊन थांबे आणि पुढे पाऊल टाकत नसे. तिचं म्हणणं साधं होतं. राजा अजून तिथेच आहे. पोरगीला त्यानं पकडलं की नाही ते कुणी पाहिलं नाही. मग आता तो मोकळाच आहे की नाही? आई तिला ओहोळावर न्यायची ती सूर्य वर यायच्या आधी. दुपारी पोरं करवंदांना निघाली की तिला हाका मारत, ती पडवीतून नुसती बघे. नरसिंहाला तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला. हळूहळू तिचं जेवण गेलं. आईनं भगताला दाखवलं, त्यानं राख लावली. जव्हारच्या दवाखान्यात डोक्यावर फडकं टाकून नेलं, डॉक्टरांनी गोड औषध दिलं. ते औषध मीही चोरून प्यायले, छान होतं, पण त्यानं कुणी उन्हात येईल असं काही त्यात नव्हतं. पावसाळ्यात तिला शाळेत घालायचं ठरलं होतं. आई एकदा भांडी घासता घासता बाबांना म्हणाली, "ही अशीच राहिली तर?" आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासायला लागली. मला ते अजून ऐकू येतं.

मी काय कमी प्रयत्न केले? रोज तिला नवा शेवट सांगायचे. पोरगीनं राजाला ढकललं, शेळीनं त्याच्या पोटात शिंग खुपसलं, राजा ओहोळात वाहून गेला. रखमी सगळं ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "तू पायलंस?"

"नाय."

"मंग?"

या 'मंग'पायी मी दुसऱ्या दिवशी आणखी एक शेवट रचायचे. मला तिचा रागही येई आणि तिच्यासाठी जीवही तुटे. पुढे मी आयुष्यभर शाळेत पोरांना शिकवलं, तरी असा रोकडा प्रश्न दुसऱ्या कुणी मला विचारला नाही.

शेवटी बाबा देवजी आजांकडे गेले. आजांनी सगळं ऐकलं, तंबाखू मळली, आणि आमच्याच अंगणात पाड्याला बोलावून निकाल दिला. आजची शिकली-सवरलेली माणसं हसतील. पण आजांना त्यात काडीची शंका नव्हती. "ते सोंगच होतं," आजा म्हणाले. "शाळेत बाहेर काढलं, पार मधापर्यंत नाचवलं, आणि परत न धाडता गाडीवाला पळाला. उभं राहिलेलं सोंग पोरीला लागलंय. त्याला काय मालूम आपला नेम? आथा ते आपल्यालाच धाडावं लागंल. औंदाच्या बोहाड्यात राजाबी काढा आन् जोड्यांची पोरगीबी काढा."

सगळ्यांना पटलं. एका परदेशी सिनेमाला आमच्या देवीच्या उत्सवात जागा मिळाली ती अशी, आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाबा तर दुसऱ्याच दिवशी कागद भिजवायला बसले. प्रश्न एवढाच, की नाचणार कोण? राजाला कुणी पुढे येईना. ज्याचा शेवट माहीत नाही तो राक्षस अंगावर कोण घेईल? पोरगीचं सोंग मात्र चिंतूकाकांनी मागून घेतलं. चिंतूकाका पाड्यातले नामी नाचे, दर वर्षी सीता तेच होत. बोहाड्यात बायांची सोंगंही पुरुषच घेत. आमच्या सीतेला मुखवट्याखाली झुपकेदार मिश्या होत्या आणि सोंग उतरलं की ती आधी बिडी पेटवायची.

तालीम आमच्या खळ्यावर. संबळावर सक्रूदादा. पाड्यातली सगळी पोरं भोवती, रखमी पडवीतून बघतेय. चिंतूकाका पोरगी होऊन निघाले, कमरेवर हात, मान मुरडत, ठुमकत. सगळी पोरं एकदम ओरडली, "आसं नाय! आसं नाय!" काकांनी पुन्हा केलं. पुन्हा ओरडा. "ती सीता झाली!" कुणीतरी म्हणालं. काका चिडले. सक्रूदादा टिपऱ्या हातात धरून बसून राहिले, कारण त्यांना ठेका सापडेना. त्यांनीही सिनेमा पाहिला होता, पण काकांच्या पायात ते नव्हतंच. मी पडवीकडे पाहिलं. रखमीनं तोंड फिरवलं होतं. तिला कळलं होतं, की हेही खोटंच निघणार.

माझ्या अंगात काय आलं ठाऊक नाही. पडवीत बाबांच्या टायरच्या चपला होत्या, त्या मी पायात घातल्या आणि खळ्यात उतरले. नाचायचं असं काही मनात नव्हतं, मला फक्त दाखवायचं होतं. चपला एवढ्या मोठ्या की उजवा पाय ओढावाच लागे. फटाक. मग तोल सावरायला दोन पावलं पटकन. टप टप. फटाक, टप टप. पोरं गप्प झाली. मी खळ्याला अर्धा वेढा घातला असेल नसेल, सक्रूदादांच्या टिपऱ्या आपोआप संबळावर पडल्या. एक जड, दोन हलक्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. ठेका बसला! मी वेढा पूर्ण केला, दुसरा घेतला, आणि थांबले तेव्हा लक्षात आलं, की सगळा पाडा आजांकडे बघतोय.

कारण आमच्याकडे असं आहे, की नव्या सोंगाला संबळानं ज्याच्या पायावर ठेका दिला, ते सोंग त्याचं. दिलेला ठेका परत घेता येत नाही. हा आजांचाच नेम, त्यांच्या बापाचा, आजाचा. आजा कितीतरी वेळ तंबाखूच मळत राहिले. चिंतूकाका म्हणाले, "आजा, पोरगी हाये ती! बाईमाणसानं मुखवटा चढवला कंधी?"

तेवढ्यात आई बोलली. माझी आई चारचौघांत कधी बोलत नसे, स्वयंपाकघरातून ओरडे ती गोष्ट वेगळी. ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. "ठेका दिला का नाय, ते सांगा," ती म्हणाली. "सक्रू, तू दिलास का नाय?"

सक्रूदादा खाली बघत म्हणाले, "दिला. हातानंच दिला."

"मंग झालं," आई म्हणाली.

आजांनी तंबाखू तोंडात टाकली. "झालं," तेही म्हणाले. आणि चिंतूकाकांचं काय झालं सांगू? त्यांनी मिश्यांवरून हात फिरवला, थोडा वेळ फुगून बसले, मग मोठ्यानं म्हणाले, "आरं मंग राजा मी! हिला काय सोपं जाऊ द्यायचंय व्हय?" एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आज ते असते तर हे वाचून म्हणाले असते, मिश्यांचं कशाला लिवलंस?

आणखी एक गोष्ट आजांनीच काढली. सावलीचं सोंग मशालीच्या उजेडात कसं चालेल? मशालीला माणसाच्या सावल्या चार बाजूंनी नाचतात, त्यातली खरी कुठली? ते सोंग उन्हातच हवं. म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच आमचा बोहाडा उजाडल्यावरही मोडला नाही. देवी येऊन गेली, मशाली विझवल्या, आयाबायांनी पोरांना पेज पाजली, आणि सगळा पाडा देवीच्या मांडवासमोर ऊन यायची वाट बघत बसला. आसपासच्या पाड्यांतली माणसंही थांबली होती. रखमी आईच्या मांडीवर, मांडवाच्या सावलीत.

डोंगरावरून ऊन उतरलं. पिपाणी वाजली आणि राजा आला. बाबांनी काय केला होता तो मुखवटा! पापणीचं कोडं त्यांनी सोडवलं होतं, आतून दोरी ओढली की डोळे मिटत. चिंतूकाकांच्या अंगावर काळं घोंगडं, मागे जमिनीवर लोळणारं, आणि त्यावर पाड्यातल्या एकेका पोराची काळ्या कागदाची सावली टाचलेली. बाबांनी सगळ्या पोरांना उन्हात उभं करून, जमिनीवर कोळशानं रेघ मारून ती कापली होती. फक्त रखमीची आठवणीवरून कापलेली, सगळ्यांत छोटी, दोन शेंड्यांची. राजा खांदे वर करून सरपटत फिरला, दोन बोटं पुढे करून वाकला, डोळे मिटले, उघडले. पोरांनी किंकाळ्या फोडल्या. मोठी माणसंसुद्धा मागे सरकली.

मग सक्रूदादांनी माझा ठेका धरला. मुखवट्याच्या आत केवढा अंधार असतो, आणि आपलाच श्वास किती मोठा ऐकू येतो! लाल केस अंबाडीचे, रंगवलेले. पायात टायरच्या चपला. हातात दावं, दाव्याला आमचीच शेळी, जिचं शिंग मुळीच मोडलेलं नव्हतं. फटाक, टप टप. मी त्या उन्हात शिरले आणि मला एकदम कळलं, की मला भीती वाटत नाहीये. मला आनंद होत होता, एवढा की मुखवट्याच्या आत मी हसत होते.

आम्ही नाचलो. राजा झेपावला, मी निसटले. ठरलं असं होतं, की इतर राक्षसांसारखं त्याला लाकडी तलवारीनं मारायचं. मी तलवार उचलली, आणि मुखवट्याच्या भोकातून मला रखमी दिसली. ती आईच्या मांडीवरून उठून मांडवाच्या सावलीच्या अगदी काठावर उभी होती. तिची नजर तलवारीवर नव्हती, ती घोंगड्यावरच्या त्या दोन शेंड्यांच्या सावलीकडे बघत होती. मी राजाला मारलं असतं, तर तिनं संध्याकाळी मला पुन्हा 'मंग' विचारलं असतं. मी तलवार टाकली. घोंगड्याचं टोक धरलं, सिनेमात पोरगीनं धरलं होतं तसंच, आणि सगळ्या पाड्यासमोर ओरडले, "रखमे, तुझी सावली हतं हाये! मी नाय काढणार. तूच ये आन् ने!"

संबळ थांबला. सोंगानं बोलायचं नसतं, हाही एक नेम होता, तो मी मोडला. चिंतूकाकांना काय वाटलं कोण जाणे, ते घोंगड्यासकट गुडघ्यावर बसले आणि त्यांनी राजाचे डोळे मिटून घेतले. रखमीनं आईकडे पाहिलं. आई नुसती मान हलवून हो म्हणाली. मग माझ्या बहिणीनं उन्हात पाय टाकला. एक. मग दुसरा. मग ती पळत सुटली, सरळ राजाच्या अंगावर गेली आणि तिनं आपली सावली फाडकन उपटली!

कागद छातीशी धरून तिनं खाली बघितलं. तिच्या पायापासून निघालेली तिची खरी सावली मातीवर पडली होती, लांब, दोन शेंड्यांची. रखमीनं उजवा पाय उचलून तिच्यावर जोरात आपटला, पक्की बसली का ते बघायला. आणि मग ती हसली. किती दिवसांनी हसली! पुढचं मला नीट दिसलंच नाही, कारण एक तर डोळ्यांत पाणी, आणि दुसरं म्हणजे पाड्यातली यच्चयावत पोरं राजावर तुटून पडली. ज्याची त्याची सावली ज्यानं त्यानं उपटली. एक आमच्या शेळीनं खाल्ली, तिच्यासाठी भांडणं झाली. घोंगडं कुठल्या कुठे गेलं आणि मधे उरले ते चिंतूकाका, मुंडासं सुटलेले, धोतर सावरत, तोंडावर राजाचा मुखवटा. संबळ असा कडाडला की ओहोळापलीकडे ऐकू गेला असेल. राजाला आम्ही सगळी पोरं हाताला धरून देवीच्या पायांशी घेऊन गेलो, नमस्कार करवला आणि परत धाडला. देवजी आजा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गेलं सोंग." आईनं त्या दिवशी आमटी केली ती नव्या मडक्यात, आणि रखमीनं ती अंगणात, भर उन्हात बसून खाल्ली.

तेव्हापासून दर बोहाड्याला, देवी येऊन गेली की सकाळच्या उन्हात आमचं सोंग निघतं. आणि ते पोरीच नाचवतात. माझ्यानंतर रखमीनं नाचवलं, मग तिच्या मुलीनं. जोड्यांची पोरगी म्हणून आमच्या पाड्यात आता मुलीलाच मान. आसपासच्या पाड्यांतल्या आयाही लहान पोरांना घेऊन येतात, सावली उपटवून नेतात. गणपतीइतकंच ते सोंग आमचं झालं. एका उकाड्याच्या दुपारी पाहिलेली, एक शब्दही न कळलेली चित्रं इतकी कशी टिकली, असं भाचा मला विचारतो. मी म्हणते, शेवटचा डबा हरवला म्हणून.

तो डबा गेल्या उन्हाळ्यात सापडला. म्हणजे भाच्याच्या फोनमध्ये सापडला. हा भाचा म्हणजे रखमीचाच थोरला, आणि त्याची मुलगी तनू त्या वर्षीची जोड्यांची पोरगी. ठाण्याला इंग्रजी शाळेत शिकते, पण उन्हाळ्यात बोहाड्याला इथेच. सिनेमा सापडला म्हणताच मला हातपाय धुऊन बसावंसं वाटलं. मी, तनू आणि भाचा पडवीत फोनवर वाकून बसलो. रखमीला हाक मारली तर ती अंगणात उन्हात बसून नागली पाखडत होती, म्हणाली, "तुमी बघा. मी पायलाय शेवट."

तेच गाव, तेच जोडे, तीच शेळी. मला सगळं जसंच्या तसं आठवत होतं, राजा पुन्हा अंगावर आला तेव्हा मी तनूचा दंड धरला. पोरगीनं झग्याचं टोक धरलं. राजानं दोन बोटं उचलली. या वेळी कोंबड्या आल्या नाहीत. पोरगीनं कमरेची कात्री काढली, झग्याची शिवण उसवली, आणि सगळ्या सावल्या पाखरांसारख्या उडून गावात गेल्या. पोरं घराघरांत झोपली होती. सावल्या अलगद त्यांच्या अंथरुणात शिरल्या. सकाळी पोरं उठली आणि हसली. गाणं लागलं, नावं यायला लागली. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? डोळे भरून आले.

मी तनूकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. तिनं फोन बापाच्या हातात दिला, टायरच्या चपला पायात सरकवल्या आणि तालमीला निघता निघता अंगणातल्या रखमीला ओरडून सांगितलं, "आजी, या लोकांनी आपलं सोंग चोरलंय! आणि शेवट चुकवलाय. पोरं झोपलीत नुसती, कुणालाच बोलावलं नाही!"

रखमीनं सुपातून मान वर केली. उन्हानं डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मंग?"